ठमाईची घेटुळी

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याला, कुंभेवाडीत ठमाई राहायची. तिचा लेक सोनू आणि सून हौसा. ठमाई जलोदराचं औषध द्यायची. पोट घागरीसारखं फुगलेला माणूस बैलगाडीतून यायचा. त्याच्या पोटावरच्या निळ्या शिरांवर ती बोट फिरवायची आणि म्हणायची, "काळजापाशी रक्ताचा पाट तुंबलाय. मग पाणी वाफा सोडून भलतीकडं घुसणारच की." मग डोंगर चढायची, मुळी आणायची, काढा पाजायची, जेवणातलं मीठ बंद करायची. फुगलेल्या शिरा बसायच्या, असं म्हणतात.

मुळीचं नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. नाव उच्चारलं की गुण जातो, असं सासूनं तिला बजावलेलं. खरं तर मुळी उगवायची तिच्याच परसात, न्हाणीच्या पाण्यावर. कुणाला कळू नये म्हणून ठमाई उगाच डोंगर चढायची, उतरायची, आणि मागच्या दारानं गुपचूप उपटायची. माणसं काही थांबेनात. घास उचलला की दारात गाडी, डोळा लागला की हाक. ठमाईचे गुडघे गेले. उपटून उपटून परस उघडं पडलं.

आणि नेमकं तेव्हाच हौसाचं पोट फुगलं.

"आये, मी हुडकून आणतो. नाव तेवढं सांग," सोनू म्हणाला.

"सांगितलं आणि गुण गेला, तर हिला कशानं वाचवू, मेल्या?"

हौसा धापा टाकत हसली. "आत्याबाई, नाही सांगितलंत तरी मी जातेच आहे. तुमचे गुडघे तरी वाचू द्या."

ठमाईनं हौसाच्या पोटावरच्या शिरांवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "घेटुळी. लाल देठाची, भुईवर पसरते ती."

"ती? ती तर आपली शेळी खाते!"

"मग? शेळीला कधी जलोदर झालेला पाहिलास?"

सोनू नाव ओरडत वाडीभर धावला. असं म्हणतात, की त्याची हाक पोचली तिथवर घेटुळी उगवली, उंबऱ्यात, गोठ्यात, देवळाच्या पायरीवर. हौसा काढा आणि अळणी पेज पीत राहिली. पायांची सूज उतरली, पोट उतरलं, शिरा विरल्या. गुण गेला नव्हता.

"एवढी वर्षं उगाच डोंगर चढले गं बाई," एवढंच ठमाई म्हणाली, आणि भरदुपारी आडवी झाली. कुणी हाक मारली नाही. औषध आता ज्याच्या त्याच्या दारात होतं.

पुढं हौसाला लेक झाली, आणि नातीला मांडीवर घेऊन ठमाई पोटभर डुलक्या घेऊ लागली.

कुंभेवाडीत अजून श्रावणात एक दिवस घरोघर अळणी शिजतं. घेटुळी उपटताना तिचं नाव मोठ्यानं घेतात. मग घरातली थोरली बाई भरदुपारी झोपते, आणि त्या दिवशी पाळण्यातलं पोरसुद्धा तिला उठवत नाही, असं म्हणतात.