तांबटाचे भरलेले ताट

एका गावात एक तांबट होता. हाताला कसब होते, मान मात्र कधी वाकली नाही. हंडा घडवण्याची त्याची मजुरी बापाच्या वेळेपासून तीच. दर वाढवणे म्हणजे हात पसरणे, असे तो मानी.

पुढे महागाईची वर्षे आली. ज्वारी दुपटीवर गेली, तेल तिपटीवर. बायको एकदाच बोलली, "अहो, मजुरी थोडी वाढवा. नाहीतर तुमचं तूप तरी बंद करू. दोन्हीतलं एक काहीतरी करा."

"मजुरी वाढणार नाही आणि ताटही उतरणार नाही," तांबट म्हणाला. "घर चालवणं तुझं काम."

ती पुन्हा बोलली नाही.

पारावर माणसे भावांवरून कपाळ बडवून घेत. तांबट मिशीत हसे. "तुमच्या बायकांच्या हाताला भोकं आहेत. माझ्या घरी या. तीन भाकरी, वाटीभर आमटी, वर तुपाची धार. दहा वर्षांत फरक नाही. कुठाय तुमची महागाई?"

एक म्हातारा कुंभार तेवढा म्हणाला, "कुणाच्या तरी ताटात असेल, बाबा."

तांबटाच्या घरी रीत जुनी. आधी पुरुष जेवायचा. तो उठून भट्टीकडे गेला की मग बाई पान घ्यायची. तिचे पान त्याने कधी पाहिले नव्हते.

एके सकाळी ती विहिरीवर कोसळली. वैद्याने नाडी पाहिली, मग मनगट पाहिले. विचारले, "ही जेवते काय?"

तांबट म्हणाला, "माझ्या मागून जेवते."

"हा आजार नाही, कैक वर्षांची उपासमार आहे. दूध लागेल. घरातलं काही मोडा."

तांबट मांडणीकडे गेला. लग्नात त्याने स्वतः घडवलेली तिची भांडी तिथे असत. पुढे चार लखलखत होती. मागे हात घातला तर भिंत लागली. बाकीची कधीच ज्वारीत गेली होती.

चार भांडी विकून आठ दिवसांचे दूध आले. नवव्या दिवशी ती गेली.

तिच्या आजारपणात आणि सुतकात शेजाऱ्यांनी अन्न दिले. ते संपल्यावर तांबटाने पहिल्यांदा स्वतः चूल पेटवली. डब्याच्या तळाला मूठभर कोंडा होता. चुलीमागच्या कोनाड्यात, फडक्याने झाकलेली तुपाची बुधली मात्र अर्धी भरलेली होती. ती त्याच्यासाठी राखलेली होती.

तात्पर्य: महागाईतही आपले ताट पहिल्यासारखेच भरलेले असेल, तर घरात कुणाचे रिकामे आहे ते पाहावे. मग पारावर बसावे.