तसबिरीच्या मापाची बंदूक

डोंगरांच्या बेचक्यात एक टीचभर संस्थान होतं आणि तिथे तुळाजी नावाचा एक बंदूक घडवणारा राहत होता. त्याच्या हातात कला होती आणि जिभेवर तोरा. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, तुळाजी आधी दोरी काढायचा. हाताची लांबी, खांद्याची रुंदी, मानेची उंची, सगळं मोजायचा. म्हणायचा, "अंगरखा सैल झाला तर शिंपी टाका घालतो. बंदूक बेमाप झाली तर गोळी शेजाऱ्याच्या म्हशीला लागते."

त्या वर्षी पलीकडच्या वाडीत एक बिबट्या माजला. आधी कुत्री गेली, मग वासरं गेली, आणि एके दिवशी त्याने पाणवठ्यावर एका बाईवर झेप घेतली. ती थोडक्यात वाचली, पण वाडी ओस पडली. तुळाजीचा मेहुणा भिवा बायकामुलं आणि शेळ्या घेऊन थेट तुळाजीच्या कारखान्यात येऊन राहिला. शेळ्यांनी बंदुकांच्या लाकडी दस्त्यांना लावायचं जवसाचं तेल चाटून संपवलं.

"दाजी, एक बंदूक द्या. मीच उडवतो त्याला," भिवा म्हणाला.

"आणि महाराज तुला उडवतील!"

कारण त्या संस्थानात बिबट्यावर गोळी झाडायचा मान एकट्या महाराजांचा होता. आणि महाराजांचा नेम कधी लागत नव्हता. अर्थात, असं म्हणायची सोय नव्हती.

शेवटी दिवाणजींनी तुळाजीला दरबारात बोलावलं. "महाराजांसाठी अचूक नेमाची खास बंदूक घडव. जमली तर तू राजमान्य कारागीर."

तुळाजीने कमरेची दोरी काढली. दिवाणजी दचकून मागे सरले.

"अरे, दोरी कुणाला लावतोस? राजाच्या अंगाला दोरी लागते ती तिरडी बांधताना! माप त्या तसबिरीवरून घे."

दरबारातली तसबीर एका परगावच्या चित्रकाराने काढली होती. बक्षिसावर डोळा ठेवून त्याने महाराजांना पैलवान केलं होतं. खरे महाराज होते बुटके, गोलमटोल, आखूड हातांचे, आणि मान तर जवळजवळ नव्हतीच. पण राज्याचा सगळा कारभार तसबिरीवरून चाले. शिंपी तसबिरीच्या मापाने अंगरखा शिवी आणि आत कापूस भरी. चांभार तसबिरीच्या मापाने जोडे करी आणि आत गवत कोंबी. महाराज चालले की खसखस आवाज यायचा आणि दरबारी म्हणायचे, "काय रुबाबदार चाल!"

तुळाजीला सगळं दिसत होतं. बंदुकीत कापूस भरता येत नाही, हेही ठाऊक होतं. पण 'राजमान्य' हा शब्द त्याच्या कानात शिरून बसला होता. त्याने शिडी लावली आणि तसबिरीचं माप घेतलं.

घरी बायकोने, सगुणेने, विचारलं, "अहो, गोळी तसबीर झाडणार आहे का?"

"तुला राजदरबारातलं काय कळतं?"

"मला एवढंच कळतं की बिबट्या खरा आहे."

तुळाजी तिरमिरीत ताट सारून उठला. पण बंदूक त्याने मन लावून घडवली. मुरलेल्या अक्रोडाचा दस्ता, आतून आरशासारखी घोटलेली नळी, बोट टेकताच सुटणारा चाप. बंदूक अशी देखणी झाली की बघणाऱ्याने बघतच राहावं. फक्त ती संस्थानातल्या एकाही जिवंत माणसाला बसत नव्हती.

शिकारीच्या दिवशी मचाण बांधलं. खाली भिवाची शेळी बांधली. ऊन कलताच बिबट्या आला. महाराजांनी दस्ता खांद्याला लावला, तर बोट चापापर्यंत पोचेना. बोट पोचवलं, तर दस्ता काखेत गेला. शेवटी डोळे गच्च मिटून त्यांनी चाप ओढला. ठो! बंदुकीचा दणका काखेतून थेट जबड्यावर बसला. महाराज दिवाणजींवर आदळले, दिवाणजी पानदानावर. गोळीने झाडावरचं मोहोळ पाडलं. बिबट्याने वर एकदा शांतपणे पाहिलं आणि शेळी उचलून चालता झाला.

"वाहवा!" दरबारी ओरडले. "काय नेम!" मग माश्या आल्या आणि सगळे पळाले.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली. महाराजांनी बिबट्या ठार मारला आहे, वाडीकरांनी निर्धास्त घरी परतावं, न परतणारा राजद्रोही ठरेल! भिवा खूश होऊन बोचकी बांधू लागला. तुळाजीचा लहानगा भाचा शेळ्यांच्या पुढे उड्या मारत होता. तुळाजी काल मचाणावरच होता, मागच्या कोपऱ्यात. बिबट्या किती ठार झालाय ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"थांब भिवा," तो म्हणाला. "मी परत येईपर्यंत उंबरा ओलांडू नकोस."

तो तडक दरबारात गेला. मुजरा करून तो म्हणाला, "महाराज, बिबट्या जिवंत आहे. बंदूकही चोख आहे. पण ती मी आपल्यासाठी नाही, त्या तसबिरीसाठी घडवली. चूक माझी. मारायचा असेल बिबट्या, तर एक तर माप द्या, नाहीतर तसबिरीला शिकारीला पाठवा."

दरबाऱ्यांनी माना खाली घातल्या. दिवाणजींचं डोकं मात्र चाललं. "उत्तम! महाराजांची तसबीर म्हणजे प्रत्यक्ष महाराज. तिला पाहूनच बिबट्या गर्भगळीत होईल!"

जबडा सुजलेल्या महाराजांनी मान हलवली. वाजतगाजत तसबीर मचाणावर गेली. पुढ्यात बंदूक ठेवली. सगळे लांब जाऊन थांबले.

सकाळी पाहतात तो काय, बिबट्या मचाणावर चढून आरामात झोप काढून निघून गेला होता आणि जाण्याआधी तसबिरीवर त्याने नखांना धार लावली होती. पैलवानाच्या चिंध्या वाऱ्यावर उडत होत्या.

महाराजांनी त्यातली एक चिंधी उचलली. "आता माप कुणाचं घेणार?"

"आपलं," तुळाजी म्हणाला.

"पण दोरी... तिरडी..." दिवाणजी पुटपुटले.

"दिवाणजी," महाराज म्हणाले, "हा बिबट्या दोरी न लावताच आमचं माप घेईल. सरा बाजूला!"

तुळाजीने दोरी लावली. हात आखूड भरला; त्याने तसं मोठ्याने सांगितलं. दरबारी छताकडे बघू लागले. मग त्याने विचारलं, "महाराज, डावा डोळा मिटा. समोर काय दिसतं?"

"धूर."

"धूर?"

"उजव्या डोळ्याने आम्हाला कित्येक वर्षं धूरच दिसतो. कुणी विचारलंच नाही."

नवी बंदूक डाव्या खांद्याची झाली. आखूड, ठेंगणी, दिसायला बेंगरूळ. दरबारात कुणीतरी फिदीफिदी हसलं. पण महाराजांनी ती खांद्याला लावली आणि गाल आपसूक दस्त्यावर टेकला. त्याच आठवड्यात बिबट्या एका गोळीत आडवा झाला.

दवंडीवाल्याने उत्साहाने हलगी उचलली. महाराजांनी त्याचा हात धरला.

"आधी जाऊन बघून ये," ते म्हणाले. "मेलाय याची खात्री कर. मग बडव."

तात्पर्य एवढंच: राजाचं खोटं माप देणारा जितका दोषी, तितकाच ते मुकाट्याने घेणाराही दोषी, कारण नेम चुकतो तेव्हा बिबट्या दरबारात येत नाही, वाडीत जातो.