दसरूची मोठी दुर्बीण

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात दसरू नावाचा माणूस राहत होता. गावासाठी टेहळणी करणे हे त्याचे काम.

चैत्रात समोरच्या उतारावर मोहाची फुले पडत. गावातल्या बायका पहाटे टोपल्या घेऊन ती वेचायला जात. पण मोहाची फुले अस्वलालाही आवडतात. म्हणून गावाचा एक रिवाज होता. दसरूने आधी माथा गाठायचा, समोरचा उतार न्याहाळायचा आणि मग फडके हलवायचे. पांढरे फडके दिसेपर्यंत एकही बाई नाला ओलांडत नसे. लाल दिसले, तर सगळ्या घरी.

हे काम दसरूने वर्षानुवर्षे चोख केले. आता मात्र त्याची नजर अधू होऊ लागली होती. फुले वेचता यावीत म्हणून झाडांखालचा पाला जाळून टाकत. त्या काळ्या जमिनीवरचे काळे अस्वल त्याला चटकन ओळखू येईना. त्याची बायको बिरजा रोज सगळ्यांच्या पुढे असे. एखाद्या दिवशी दिसलेच नाही तर? ही धास्ती त्याला लागली. शेवटी त्याने गावाकडे दुर्बीण मागितली. नजरेबद्दल मात्र तो काही बोलला नाही.

गावाने त्याला शहरात पाठवले. दुकानदाराने दोन दुर्बिणी पुढे ठेवल्या. एक वीतभर लांबीची. दुसरी चांगली हातभर लांब, जाडजूड, सोबत तीन पायांचा लोखंडी स्टँड. दुकानाच्या गच्चीवर स्टँड लावून दसरूने मोठीतून पाहिले, तर दूरच्या टेकडीवरच्या बकरीचे कानसुद्धा दिसले. त्याच्या जिवात जीव आला.

"रोज डोंगर चढून न्यायची ना?" दुकानदाराने विचारले. "मग एकदा खांद्यावर घेऊन जिना चढून बघा. लहानीतून थोडं कमी दिसतं, पण ती हातात हलत नाही."

दसरूला राग आला. आपण इतके म्हातारे दिसतो की काय?

"डोंगर माह्या पायाखालचा हाय," तो म्हणाला. "मोठीच द्या."

घाबरलेल्या माणसाला मोठ्या वस्तूचा आधार वाटतो, तसे त्याचे झाले.

दुर्बीण आणि स्टँड घेऊन माथा गाठेपर्यंत ऊन वर येऊ लागले. तोवर गुरे फुले खाऊन जात. नाल्याकाठी बायका कुरकुरू लागल्या. तेव्हा दसरूने स्टँड घरीच ठेवला. दुर्बीण काय, हातात धरूनही बघता येते, असे त्याने स्वतःला समजावले.

एका पहाटे माथ्यावर वारा होता. दसरूने दुर्बीण डोळ्याला लावली आणि समोरचा सगळा उतार थरथरू लागला. एका झाडाखाली काहीतरी काळे दिसले. दगड की अस्वल? नीट बघेपर्यंत ते दुर्बिणीतून निसटले. त्याने पुन्हा शोधले. एकसारखी झाडे, एकसारखी काळी जमीन. मघाचे झाड कोणते, तेच कळेना. खाली बायका ताटकळल्या होत्या, सगळ्यांच्या माना वर. एवढी मोठी दुर्बीण आणूनही दिसत नाही, असे सांगायचे कसे?

दगडच असेल, असे म्हणत त्याने पांढरे फडके हलवले.

बायका नाला ओलांडून वर गेल्या. दसरूने दुर्बीण खाली ठेवली आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिले. ते काळे हलत होते. त्याने लाल फडके जिवाच्या आकांताने हलवले. पण बायका आता खाली वाकून फुले वेचत होत्या. वर कोण बघणार? तो ओरडत उतरणीला लागला.

तो पोहोचला तेव्हा बायकांनी आरडाओरडा करून अस्वलाला पळवून लावले होते. बिरजा वाचली, पण अस्वलाने फाडलेला तिचा उजवा हात कायमचा निकामी झाला.

दसरू तिच्या उशाशी मान खाली घालून बसला. तीच बोलली.

"मलेबी झाडाखाली काहीतरी काळं दिसलं होतं. पण तुमी पांढरं फडकं हलवलं, मनून मले वाटलं, दगड असंन."

तात्पर्य: साधन आपल्याला पेलेल तेवढेच घ्यावे, आणि आपल्या खुणेवर ज्यांची पावले पडतात, त्यांच्यापासून 'मला दिसत नाही' हे कधी लपवू नये.