सातव्यांदा पडलेली पाकळी

फार फार वर्षांपूर्वी, कोकणातल्या एका कातळावरच्या गावात, पावणाई देवीच्या देवळात आवडाई नावाची गुरवीण होती. नवऱ्यामागे देवीची पूजा तिच्याकडे आली, आणि पूजेबरोबर गावची पोरंही. वरच्या वाडीतली पोरं सभामंडपात बसत, खालच्या वाडीतली अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर. दोघांनाही ऐकू जावं म्हणून आवडाई मोठ्याने शिकवी. हात कसे जोडायचे, फूल कसं वाहायचं, कौल कसा लावायचा. देवीच्या छातीवर पाण्याने पाकळी चिकटवायची आणि विचारायचं. उजवीकडे पडली तर हो, डावीकडे पडली तर नाही.

"पण एकदाच विचारायचं हां," ती म्हणे. "परत विचारलंत, तर पहिल्या उत्तरावर विश्वास नाही असं झालं. मग भक्ती कसली?"

"आणि नाही म्हणाली तर?" गडग्याबाहेरून छोटी शेवंती ओरडे.

"तर रडायचं गो बाय. पण परत विचारायचं नाही."

एका वैशाखात खालच्या वाडीचा झरा आटला. लोक डबक्यातलं पाणी प्यायले आणि घरोघर अंथरुणं पडली. शेवंतीचंही पडलं. देवीची तळी काठोकाठ भरलेली, पण खालच्या वाडीने तिला हात लावायचा नाही, अशी रीत. आवडाई मुख्य मानकरी दाजी गावकराकडे गेली. दाजी म्हणाला, "आपण कोण सांगणार? आईलाच विचारू."

सारा गाव जमला. खालच्या वाडीला तळीचं पाणी द्यायचं का, असं विचारून आवडाईने पाकळी लावली. ती उजवीकडे पडली.

"वली होती गो, पाणी जास्त झालं," दाजी म्हणाला. "परत लाव."

परत उजवीकडेच.

"वारा सुटला. परत लाव."

"तुझी सावली पडली मूर्तीवर. परत लाव."

पोरं बघत होती. पण दाजीला नाही म्हणायचं आवडाईला धाडस झालं नाही. असं म्हणतात, सहा वेळा पाकळी उजवीकडे पडली आणि सातव्यांदा डावीकडे.

"झालं!" दाजीने हात जोडले. "आईची आज्ञा."

तिसऱ्या दिवशी शेवंती गेली.

त्या सकाळी पोरं आली, पण कुणी बसेना. एकाने विचारलं, "आवडाये, एकदाच विचारायचं ना?"

आवडाई गाभाऱ्यात गेली. देवीची घागर उचलली, तळीत बुडवली आणि ती खालच्या वाटेला लागली. दाजी आडवा आला. "कौल कुठाय?"

"देवी सहा वेळा बोलली, दाजी. सातव्यांदा ती आपल्याला कंटाळली. आणि पाकळी लावणारा हात माझाच होता."

दिवसभर ती खेपा घालत राहिली. असं म्हणतात, संध्याकाळी ती परतली नाही. खालच्या वाडीच्या पायरीवर नुसती घागर होती. वाडी प्यायली, गुरं प्यायली, तरी ती रिकामी झाली नाही. वाटेत जिथे जिथे तिचं पाणी सांडलं, तिथे कातळावर आजही भर वैशाखात ओली रेघ दिसते. आणि त्या दिवसापासून पावणाईच्या अंगावरून एकही पाकळी पडलेली नाही.

अजूनही वैशाखात दोन्ही वाड्यांची पोरं पूजेआधी तळीचं पाणी भरून खाली नेतात. त्याला 'आवडाईची खेप' म्हणतात. खेपेसाठी कुणी कौल घेत नाही.

पोरं खाली गेली की मोठी माणसं देवळात जमतात आणि आपापल्या कामाचे कौल लावतात. पाकळी जागची हलत नाही. माणसं वाट बघतात. मग कुणीतरी खाकरून म्हणतं,

"वली असेल. परत लाव."