निरोप नेणारे कावळे आणि बगळे

फार जुन्या काळी रानातले निरोप कावळे आणि बगळे पोचवत. दोघांचे म्होरके रानोरान हिंडून एकमेकांची उणीदुणी काढत आणि ते ऐकायला ही गर्दी जमे! झुबकी खारीला कावळ्यांच्या म्होरक्याचं बोलणं फार आवडलं, म्हणून पिल्लं झाल्याचा निरोप तिने लांब राहणाऱ्या बहिणीला कावळ्यांकडूनच धाडला. बहीण काही आली नाही. शेवटी पिल्लांना पाठीवर घेऊन झुबकीच तिच्याकडे गेली. बहीण अंथरुणात पडून होती.

“तुझा निरोप मिळालाच नाही गं. मी आजारी असल्याचं बगळ्यांकडून कळवलं होतं की तुला!”

“बगळ्यांकडून? का गं?”

“त्यांचा म्होरक्या कावळ्यांना काय सोलून काढतो!”

“आमचा त्याहून जास्त सोलतो!” झुबकी फणकारली, आणि पाणीसुद्धा न पिता पिल्लांसकट माघारी फिरली.