नैवेद्याचं पान

"...मग अजून कशात कमी पडतो मी, अक्का?"

अक्का पेरू धूत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पूजेत कधी चुकलो नाही. पाठांतरात अडखळलो नाही. तुमच्यानंतर हा मठ कोण बघणार, असं लोक मला विचारतात. काय सांगू त्यांना?"

"तुला काय सांगावंसं वाटतं?"

मुरलीधर थोडा घुटमळला. मग म्हणाला, "मी आहे, असं."

"मग सांग की."

अक्कांनी पेरूंची पाटी त्याच्या पुढ्यात सरकवली.

"आज मुलांचा खाऊ तू कर."

पुरंदरच्या डोंगराखाली बाळकृष्णाचा तो लहानसा मठ. भोवती अंजिरांच्या आणि सीताफळांच्या बागा. येणारेजाणारे बागाईतदार दारात फळं ठेवून जात. शाळा सुटली की वाडीतली मुलं मठात येत, आणि अक्का त्यांना घेऊन फळांचा खाऊ करीत बसत. म्हाताऱ्या अक्का आणि त्यांचा हा एकुलता शिष्य, दोघंच मठात राहत.

मुरलीधरनं त्या दिवशी दार लावून घेतलं आणि एकट्यानं सगळं केलं. पेरूच्या फोडी एकासारखी एक. केळ्याच्या चकत्या गोल मांडलेल्या, मधोमध डाळिंबाचे दाणे. मुलं आली तेव्हा पानं वाढून तयार होती.

मुलं ओळीनं बसली. खाल्लं. हात धुतले. गेली.

"बघितलंत, अक्का? एक फोड खाली सांडली नाही."

"हो." अक्का अंगणाकडे बघत होत्या. "आवाजसुद्धा सांडला नाही."

...

"तानूनं खाल्लं का रे?"

मुरलीधरला आठवेना. तानू म्हणजे खांबाला टेकून बसणारी ती लहान मुलगी. आषाढात तिची आई गेली, तेव्हा मावशीनं तिला वाडीत आणलं. ती कुणाशी बोलत नसे. कुणासमोर खातही नसे. दिलेलं फळ झग्याच्या घोळात धरून घरी न्यायची.

"उद्या त्यांनाच कापू दे," अक्का म्हणाल्या.

"सुरी लागेल एखाद्याला."

"चमचे आहेत. आणि तू आहेस."

दुसऱ्या दिवशी मुरलीधर पूजेसाठी सोवळं नेसूनच ओसरीवर आला. तिसऱ्या प्रहरी देवाला फळांचा नैवेद्य असे. तो दाखवून होईपर्यंत तो पाण्याचा घोटही घेत नसे. मुलांना मात्र तिष्ठत ठेवायचं नाही, असं अक्कांचं सांगणं होतं. म्हणून देवाचं पान तो आधीच वाढून बाजूला ठेवी. पाटीतली सगळ्यांत चांगली अंजिरं त्या पानावर जात.

मुलं आली, आणि ओसरीचं बाजारात रूपांतर झालं.

चमच्यानं केळी कापली जाईनात, चेंगरली. सीताफळं हातानं फोडली, बिया तोंडातून उडायला लागल्या. कुणी पेरूला तिखटमीठ लावलं आणि तोच हात डोळ्याला लावून बोंब ठोकली. मुरलीधर त्याचे डोळे धुऊन येतो, तोवर इकडे अर्धी पपई गायब.

"अरे, फोडी सारख्या करा!"

"सारक्या कशाला, बुवा?" बापू नावाचा एक मुलगा म्हणाला. "माजं त्वांड मोटंय."

मुरलीधर रागावणार होता. पण त्याला हसूच फुटलं.

बापूनं केळ्याच्या चकत्या एकापुढे एक मांडल्या, पहिलीवर डाळिंबाचे दोन दाणे खोचले आणि म्हणाला, "सुरवंट." मग सगळ्यांनाच सुरवंट हवा झाला. मुरलीधरलाही एक करायला लावला. तो सरळ झाला.

"असा न्हाई चालत सुरवंट," मुलं ओरडली, आणि त्याचा सुरवंट वाकडा करून दिला.

खांबापाशी तानू हे सगळं बघत होती.

ती उठली. हळूच देवाच्या पानापाशी गेली. त्यातलं एक अंजीर उचललं, दोन्ही अंगठ्यांनी उकललं, आत काय आहे ते निरखून पाहिलं. मग सरळ मुरलीधरसमोर येऊन उभी राहिली आणि अंजीर त्याच्या तोंडापाशी धरलं.

"तानू, ते देवाचं आहे गं... अजून नैवेद्य..."

हात तसाच राहिला. मुठीतून रस मनगटावर ओघळत होता.

सुरवंट सोडून मुलं बघायला लागली.

मुरलीधरनं अक्कांकडे पाहिलं. अक्का सीताफळाचा गर काढत होत्या. त्यांनी याच्याकडे पाहिलंच नाही.

...

तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं तोंड उघडलं.

तानूनं अंजीर भरवलं. त्यानं ते गिळेपर्यंत ती त्याच्या गळ्याकडे बघत राहिली.

"ग्वाड हाय?"

वाडीत आल्यापासून तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. बारीक, थोडा घोगरा आवाज होता.



"हो, बाळा. गोड आहे."

"आनखी?"

त्यानं मान डोलावली.

ती पानाकडे पळाली. एक त्याला आणलं. एक स्वतःच्या तोंडात घातलं, सगळ्यांसमोर, गाल फुगेपर्यंत. ते पाहून बापू उठला. मग बाकीची उठली. मुरलीधरनं नुसता हात आडवा केला असता, तरी पोरं थांबली असती. त्यानं हात केला नाही. तानू त्याच्या मांडीवर येऊन बसली होती आणि आपले दोन्ही पंजे त्याच्या सोवळ्याला पुसत होती.

उन्हं कलली तशी मुलं पांगली. तानू बापूच्या मागं मागं गेली. रस्त्यावरून बराच वेळ तिचं बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते.

ओसरीवर साली होत्या, बिया होत्या, माश्या होत्या. देवाच्या पानावर नुसते देठ उरले होते. पाटीत फळ नव्हतं.

मुरलीधर ते पान हातात घेऊन अक्कांपुढे उभा राहिला.

"अक्का... नैवेद्य..."

"दिसलं मला."

"मी थांबवू शकत होतो."

"हो."

"सोवळ्यात, नैवेद्याआधी, मीच पहिला घास घेतला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही." त्याचा आवाज खाली गेला. "मठाचं मी काल जे बोललो, ते सोडून द्या. प्रायश्चित्त काय ते सांगा. उपास करतो."

अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याच्या गालाला अंजिराची एक बी चिकटली होती. त्यांनी पदराच्या टोकानं ती पुसली, लहान मुलाची पुसावी तशी.

मग त्याच्या दंडाला धरून उठल्या आणि गाभाऱ्यात गेल्या. तो मागून गेला.

रांगता बाळकृष्ण समईच्या उजेडात होता. अक्का त्याच्यासमोर वाकून खाली बसल्या. मुरलीधरच्या हातातलं पान घेतलं आणि तसंच, देठांसकट, देवापुढे ठेवलं. डोळे मिटले. रोज नैवेद्याला मिटत, तेवढा वेळ.

मुरलीधर हात जोडून वाट बघत राहिला.

...

अक्कांनी डोळे उघडले. ताम्हण पुढं ओढलं.

"उभा काय राहिलास?" त्या म्हणाल्या. "त्याचे हात धुवायला पाणी आण. फार चिकटलेत."