उंबरधारचं पहिलं धुराडं

फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीरस्ता नव्हता आणि मिठासाठीही माणसं डोंगर उतरून जात, तेव्हाची ही गोष्ट आहे. ऐकायची असेल तर नीट टेकून बसा. मधेच कुणाला खोकला आला तर खुशाल खोका, या गोष्टीला खोकल्याचं वावडं नाही.

उंबरधार हे गाव डोंगराच्या अगदी खांद्यावर वसलेलं. पाऊस तिथे पाहुण्यासारखा येत नाही, मुक्कामालाच येतो. म्हणून घरं बुटकी, कारवीच्या कुडाची, गवती छपराची. खिडकी नाही, झरोका नाही. दार तेवढं एक, तेही वाकून आत शिरायचं. चुलीचा धूर घरातच फिरायचा आणि गवतातून झिरपत कधीतरी बाहेर पडायचा. गावाला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट कौतुकच होतं. धुराने छपराला कीड लागत नाही, चुलीवर टांगलेल्या माचीत नाचणीचं बियाणं पावसाळाभर कोरडं राहतं. धूर हा घराचा राखणदार, असं ती माणसं म्हणत.

त्या गावात मालू नावाचा घरं शाकारणारा होता. त्याने घातलेल्या छपरावर ढग फुटला तरी खाली पाळण्यातलं पोर जागं होत नसे, असं म्हणतात. चिलमीचा मात्र तो भारी शौकीन. छपरावर चढताना एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात चिलीम. मग शिडी कशाने धरायचा, ते मला विचारू नका. जुन्या गोष्टींतल्या माणसांना आपल्यापेक्षा हात जास्त असतात.

पुढे पुढे मालूला धाप लागायला लागली. शिडीच्या मध्यावर तो थांबायचा, छातीतून शिट्टी वाजायची, मग पुन्हा चढायचा. गावाला त्यात नवल नव्हतं. उंबरधारचे निम्मे बाप्ये देवळाच्या पारावर बसून चिलीम ओढत आणि तिथेच मोठमोठ्याने खोकत. खोकणारा म्हातारा म्हणजे जग पाहिलेला माणूस, असाच हिशेब होता.

बाईच्या धापेची गोष्ट वेगळी होती. गावात एक म्हण होती, पुरुषाचा दम चिलमीचा, बाईचा दम चोरीचा. बाईला धाप लागली म्हणजे ती नवऱ्याची चिलीम चोरून ओढते, यात कुणाला शंका नसे. मग तिला वाघजाईच्या देवळात उभं करायचे आणि शपथ घ्यायला लावायचे. शपथ चांगली लांबलचक होती. चिलीम ओढली नाही, विडी ओढली नाही, कुणाच्या हातून घेतली नाही, घेतली असेल तर देवी माझा श्वास नेवो, असं सगळं एका दमात म्हणायचं. मधे खोकला आला की शपथ खोटी. जिला दम पुरत नाही तिलाच एका दमात बोलायला सांगायचं, हे शहाणपण कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. पण पिढ्यान्‌पिढ्या ते चाललं होतं. म्हणून उंबरधारच्या बायका पदराचा बोळा तोंडात कोंबून खोकत, आणि झऱ्यावरून हंडा आणताना चढावर वारंवार थांबून डोक्यावरची चुंबळ सारखी करत. चुंबळीला काही झालेलं नसायचं.

मालूची बायको गोजरा. तीसुद्धा अशीच चुंबळ सारखी करणाऱ्यांपैकी होती. मालूला हे दिसत नव्हतं का? दिसत असणार. पण दिसतं ते सगळं आपण बघतो असं थोडंच असतं.

एका वैशाखात वाघजाईचं देऊळ नव्याने शाकारलं. गावाची रीत अशी की नव्या छपराखालचा पहिला जाळ शाकारणाऱ्याच्या बायकोने धरायचा. देवळाच्या पडवीत चूल मांडायची, निखाऱ्यावर काटक्या ठेवायच्या आणि फुंकणीने एकाच फुंकरीत जाळ काढायचा. फुंकर तुटली तर छप्पर गळतं, असं मानत. गोजरा चुलीपाशी बसली, फुंकणी ओठांना लावली आणि फुंकर अर्ध्यात तुटली. तिला अशी ढास लागली की राख उडून नैवेद्यावर पडली. सगळं गाव बघत होतं.

भैरू गुरव देवीचा पुजारी. माणूस वाईट नव्हता, पण रीतीपुढे त्याला काही दिसायचं नाही. त्याने तिथल्या तिथे गोजराला देवीच्या दिव्यासमोर उभं केलं. ती शपथ म्हणू लागली आणि विडीपर्यंत पोचते तोच पुन्हा खोकली.

भैरूने निवाडा सांगितला. गोजराने घरच्या चुलीला शिवायचं नाही. शेताच्या कडेच्या खोपीत राहायचं. नवरात्रात देवी पुन्हा एकदा शपथ घेऊ देईल. तेव्हाही दम तुटला तर तिने कायमचं माहेरी जायचं आणि मालूने दुसरी बायको करायची.

खोपीकडे सामान नेताना मालूने तिला विचारलं, "गोजरे, खरं सांग. माजी चिलीम कवा वडलीस का?"

गोजरा चालता चालता थांबली. दम खाऊन म्हणाली, "चिलीम तुमची, म्हनून तुमची धाप बी तुमची. माजी धाप कुनाची, त्ये तुमीच हुडका."

एवढंच बोलली. त्यानंतर सबंध पावसाळा तिने त्याच्याशी शब्द काढला नाही, असं म्हणतात. बरोबरच केलं तिने. मी असतो तर दोन पावसाळे बोललो नसतो.

आता झालं असं की मालूच्या घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तो चुलीपुढे बसला. ज्येष्ठाचा पाऊस, सरपण ओलं, दार लावलेलं. फुंकणी फुंकता फुंकता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि भाकरी एका बाजूने कोळसा, दुसऱ्या बाजूने पीठ. लोक हसायचे. हसण्यासारखीच भाकरी होती ती.

आषाढात दरड कोसळून घाट बंद झाला. तंबाखूवाला वर चढेना. गावातली तंबाखू संपली, चिलमी थंड पडल्या. पारावरच्या बाप्यांचा खोकला हळूहळू उणा झाला. मालूचा मात्र वाढला. ओट्यापासून गोठ्यापर्यंत जातानाही तो खांबाला धरून उभा राहू लागला. शेजारचा लुमा त्याला चिडवून म्हणाला, "काय मालूदा, बाईवानी चोरून वडतुयास जनू."

मालूने तंबाखूची रिकामी चंची त्याच्यापुढे उलटी केली. लुमा हसला आणि निघून गेला. पण मालू ती उलटी चंची हातात धरून कितीतरी वेळ उंबऱ्यात बसून राहिला, असं म्हणतात. आत चूल धुमसत होती.

दुसऱ्या दिवशी तो खोपीकडे गेला. खोपीला वाऱ्याकडच्या बाजूला एकच कूड, बाकी तिन्ही बाजू उघड्या. गोजराची चूल कडेला होती, आणि धूर वर उठला की वारा त्याला शेतावरून घेऊन जात होता. गोजरा पाण्याचा हंडा घेऊन बांधावरून येत होती. मधे ती एकदा थांबली. पूर्वी झऱ्यावरून घरी येताना ती किती वेळा थांबायची, ते मालूला त्या क्षणी आठवलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला हाक न मारताच तो परत फिरला.

घटस्थापना झाली. शपथेचा दिवस आला. सकाळीच गाव देवळापाशी जमलं. गोजरा खोपीतून निघून, थांबत थांबत, देवळाच्या पायरीपर्यंत आली. मालू तिथे नव्हता. तेवढ्यात कुणीतरी बोट दाखवलं. मालू स्वतःच्या घराच्या छपरावर चढला होता आणि कोयत्याने आढ्याजवळचं गवत कापत होता.

"मालू, येडा झालास का?" भैरू गुरव देवळाच्या पायरीवरून ओरडला. "बी नासंल. घराची लक्षुमी जाईल त्या भोकातनं."

मालूला उत्तर द्यायला दम नव्हता. तो कापत राहिला. घरात त्याने चूल पेटवून ठेवली होती. चुलीच्या बरोबर वर भोक पडलं आणि धूर बाहेर आला.

आता पुढचं मी जसं ऐकलं तसं सांगतो. आधी आला तो त्या दिवसाचा धूर, पांढुरका, ओल्या लाकडाचा. मग आला मालूच्या पावसाळ्याचा धूर, त्याला करपलेल्या भाकरीचा वास होता. त्याच्यामागून गोजराचा धूर आला. तो संपता संपेना. त्याच्याही मागून मालूच्या आईचा, आजीचा, त्या घरात ज्या ज्या बाईने चूल फुंकली तिचा धूर येत राहिला. काळाकुट्ट, दोरखंडासारखा पीळदार. एका घराला भोक पडलं आणि गावातल्या सगळ्या छपरांतून धूर निघून त्याला येऊन मिळाला, असं म्हणतात. आभाळ झाकलं. आणि त्या धुरातून खोकल्याचे आवाज येऊ लागले. पदरात दाबलेले, बारीक. आपल्या आईचा खोकला कुणाला ओळखू येत नाही? लुमाने आपल्या आईचा ओळखला. पारावरच्या म्हाताऱ्यांनी आपापल्या आयांचे ओळखले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मग एक ढास आली, तीनदा तुटणारी आणि शेवटी शीळ घालणारी. भैरू गुरवाच्या हातातलं ताम्हन खाली पडलं. ती ढास त्याच्या आईची, ठकूबाईची. तिनेही याच दिव्यासमोर शपथ घेतली होती, तिचाही दम तुटला होता, आणि तिला माहेरी धाडलं तेव्हा भैरू लहान होता. ती तिथेच वारली. तो तिला बघायला गेला नव्हता, कारण आई चोरटी, असं त्याला सांगितलं होतं.

"माजी आई वडत न्हवती," भैरू म्हणाला.

मग तो गोजरापुढे हात जोडून म्हणाला, "बाय, तुला शपथ न्हाई घ्यायची. तू घरला जा."

गोजरा म्हणाली, "म्या जाईन. पर आदी ज्यांचा दम मोडला, त्या कुटं जातील, गुरवतात्या? त्यांची नावं घ्या. समद्यांनी घ्या, मोठ्यानं."

आणि गावाने नावं घेतली. ज्यांना आठवत नव्हती त्यांनी शेजाऱ्याला विचारून घेतली. म्हणतात, नाव घेतलं की त्या त्या बाईचा धूर दोरखंडातून सुटा व्हायचा आणि वाऱ्याने दरीपलीकडे जायचा. शेवटचं नाव झालं तेव्हा आभाळ स्वच्छ निळं होतं, आणि गोजरा आपल्या घराकडे चालायला लागली होती.

मालूने पुढे गावातल्या एकेका घराला धुराडं केलं. आढ्यावर छोटं दुपाखी छप्पर, दोन्ही टोकांना उघडं, म्हणजे धूर माचीतल्या बियाण्यावरून जाऊन मगच बाहेर पडेल आणि पाऊस आत येणार नाही. बियाणं काही नासलं नाही. छपराला कीड मात्र थोडी लवकर लागू लागली. तेव्हा लोक म्हणाले, मालूने स्वतःच्या धंद्याची सोय केली. लोक काय, म्हणायचेच.

गोजराचा गेलेला दम काही परत आला नाही. वाघजाईलाही ते जमलं नाही, ही गोष्ट सांगणारे इथे उगाच गोड बोलत नाहीत. गेला तो दम गेला, पण जाणं थांबलं. ती म्हातारी होईपर्यंत जगली, हळू चालली आणि दिसेल त्याच्यासमोर उघड खोकली.

मालूचं काय झालं, यावर दोन मतं आहेत. काही म्हणतात, त्याने त्याच दिवशी चिलीम दरीत फेकली. काही म्हणतात, घाट मोकळा झाला, तंबाखूवाला आला आणि मालू पहिलं गिऱ्हाईक होता. मला दुसरं खरं वाटतं. गावभरच्या छपरांना त्याने वाट करून दिली, पण माणसाच्या छातीला धुराडं बसवता येत नाही. गोजरा त्याला बोलली असेल, रडलीही असेल. त्याने खूपदा सोडली आणि खूपदा धरली. शेवटचं घर भैरू गुरवाचं होतं. त्याचं धुराडं बसवून मालू आढ्यावरच टेकला, खाली उतरायला दम पुरेना. गोजरा शिडीने वर गेली आणि त्याच्याजवळ बसली. त्याने मान तिच्या खांद्यावर टाकली. पहिला धूर त्या दोघांच्या मधून न जाता बाजूने गेला, असं म्हणतात.

आज उंबरधारला गवती छपरं उरली नाहीत. पत्रे आहेत, स्लॅब आहेत, निम्म्या घरांत गॅस आहे, उरलेल्या निम्म्यांत सिलिंडर संपला की चूल आहे. पण नवं घर बांधलं की पहिल्या दिवशी चूल पेटवतातच, आणि तिच्यापुढे घरच्या पुरुषाला बसवतात. बायका अंगणात उभ्या राहतात. भाकरी होईपर्यंत त्याने उठायचं नाही. ती करपली तरी तीच सगळ्यांनी खायची. धूर बाहेर दिसला की त्याने आतून आपल्या घरातल्या, धापेने गेलेल्या बाईचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, ओढत नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात लुमाच्या वंशातल्या एकाचं घर झालं, तेव्हा मी अंगणात होतो. तो आत बसून एकेक नाव घेत होता. मग जरा थांबला आणि म्हणाला, "गंगू आजी. वडत व्हती." बाहेर एक नवी सून उभी होती. तिने सासूला हळूच विचारलं, "जी वडत व्हती, तिचं नाव कशापायी घ्येत्यात?"

सासू म्हणाली, "मालूबाबाचं बी घ्येत्यात की गं. धाप समद्यास्नी सारकीच लागती."

आतून मालूचं नाव आलं. सुनेने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांबरोबर तीही म्हणाली, वडत व्हता.